घरच्यांचे आभार

ते पत्र आलं त्या दिवशी श्रीनिवासरावांनी ते दोनदा वाचलं, जसं आलं होतं तशीच घडी घातली आणि ‘उद्या उत्तर लिहू’ असं स्वतःला बजावलं... त्या उद्याला आता सात वर्षं झाली होती!

पत्र इरावतीचं होतं, त्यांच्या पोटच्या मुलीचं. जन्म केंब्रिजचा, शाळा केंब्रिजची, मराठी आईच्या तोंडून कानावर पडून आलेलं. जी वाणसामानाची यादीसुद्धा इंग्रजीत करायची, तिनं मँचेस्टरला बसून, ओळी आखलेल्या कागदावर, एकेक अक्षर कोरून देवनागरीत लिहिलं होतं. बहुधा बाबांना ‘मला समजलं नाही’ असं म्हणायला जागाच राहू नये म्हणून!

‘बाबा, मी तुमची पुस्तक पूर्ण वाचली. मला चार महिने लागले. आभारच्या पानावर तेवीस लोकांचा नाव आहे. मी बोट ठेवून तीनदा वाचला. मी कुठल्या पानावर आहे? फक्त तेवढा सांगा. इरा.’

बस्, एवढंच. ना राग, ना आरोप. आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं किती अशक्य होतं!

“बाबा, बावन्न बॉक्सेस झाले, आणि त्यातले सेहेचाळीस पुस्तकांचे!” क्षितिज टेपचं बंडल दातात धरून ओरडला. “इल्फर्डला माझं घर आहे, लायब्ररी नाही. सीलिंग खाली येऊन डाउनस्टेअर्सवाल्यांच्या डोक्यात तुमचे सगळे राजे-राण्या पडतील.”

श्रीनिवासराव कसनुसं हसले. मार्चमध्ये ते जिन्यावरून पडले, तीन तास तसेच पडून राहिले आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी एकट्यानं राहण्याचा त्यांचा हक्क संपला. घर विकलं गेलं होतं. आता लंडनमध्ये धाकट्या मुलाकडे, क्षितिजच्या मागच्या खोलीत. विरोध त्यांनी केला नाही. विरोध करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“इराताई अकरापर्यंत येईल,” क्षितिज टेप फाडत म्हणाला. “आईच्या साड्या, कुकर आणि ते शिलाई मशीन. बाकी काही नको म्हणाली. काय बोलणार आहात तुम्ही तिच्याशी?”

“बघू...”

“बघू नाही, बाबा! सात वर्षं बघताय. मी दिवाळीला एकदा तिच्याकडे जातो, एकदा तुमच्याकडे येतो. डिव्होर्स्ड पेरेंट्सची मुलं करतात तसं. फक्त माझे डिव्होर्स्ड झालेत ते बाबा आणि बहीण!”

श्रीनिवासरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बोलायचं तर होतंच. सात वर्षं मनात तेच तर चाललं होतं. पण शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथून, एखाद्या दारात अवघडून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे, मागे फिरत...

एकोणऐंशी साली नगरच्या कॉलेजातली इतिहासाची नोकरी सोडून ते बायकोमागोमाग या देशात आले. सुप्रभा भूलतज्ज्ञ होती. तिला इथल्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, त्यांना कोणीच बोलावलं नव्हतं. त्यांची पदवी इथे चालेना, तेव्हा एका ग्रंथालयात मदतनीसाची जागा मिळाली. लोकांनी परत केलेली पुस्तकं ढकलगाडीवर रचायची आणि आपापल्या फळीवर नेऊन ठेवायची. महाराष्ट्र मंडळात त्यांची ओळख करून दिली जायची ती ‘डॉक्टर सुप्रभांचे मिस्टर’ अशी. सुप्रभानं त्यांना कधी कमी लेखलं नाही. तशी वेळ यायच्या आतच ते स्वतःला कमी लेखून मोकळे होत.

त्याच ढकलगाडीवर एके दिवशी, एका पुस्तकात, त्यांना कॉन्स्टन्स भेटली. साडेआठशे वर्षांपूर्वीची, फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या ब्रिटनीची वारसदार. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजानं तिच्या बापाला गादीवरून उतरवलं, पाच वर्षांच्या त्या पोरीची सोयरीक आपल्या मुलाशी ठरवली आणि तिच्या नावानं तिचा मुलूख स्वतःच हाकू लागला. मग नवरा, तो गेल्यावर राजाच्या मर्जीनं लादलेला दुसरा नवरा, त्याची कैद... मुलूख तिचा, आणि सत्ता जन्मभर दुसऱ्या कोणाची तरी! श्रीनिवासरावांना भरून आलं होतं. आपल्या आयुष्याचं दुःख इतक्या शतकांपूर्वी कोणी तरी भोगून ठेवलंय, असं त्यांना वाटलं होतं.

इराला झोपवताना ते तीच गोष्ट सांगत. सहा वर्षांची इरा पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचारायची, “पण बाबा, तिला कोणी विचारलं नाही?”

त्या गोष्टीनं तिला धरलं ते सोडलंच नाही. ती लॅटिन शिकली, विद्यापीठात गेली, कॉन्स्टन्सच्या सनदांवर, म्हणजे तिनं स्वतःच्या नावानं काढलेल्या दानपत्रांवर आणि हुकमांवर, पीएचडीला बसली. बापाचं हृदय अभिमानानं भरून आलं... आणि दुसऱ्याच वर्षी सुप्रभा स्वयंपाकघरात कोसळली.

स्ट्रोकनं तिचं अर्धं अंग नेलं, आणि इंग्रजी नेलं. तीस वर्षं ज्या भाषेत तिनं माणसांना भूल दिली आणि शुद्धीवर आणलं, ती भाषाच पुसली गेली. उरलं फक्त मराठी. मदतीला येणाऱ्या इंग्लिश बायकांकडे ती हरवलेल्या मुलासारखी बघायची. घरात मराठी बोलणारं कोणी तरी सतत हवं होतं. क्षितिज कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. श्रीनिवासरावांची पेन्शनला चार वर्षं राहिलेली. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर, कोणीही काही मागितलं नसताना इरा म्हणाली होती, “मी एक वर्ष रजा घेते.”

एकाची पाच झाली.

त्या पाच वर्षांत ती आईच्या उशाशी बसून सनदा वाचायची. आईला ऐकायला आवडायचं म्हणून लॅटिनमधून थेट मराठीत सांगायची, मोडक्यातोडक्या, लिंगाचा घोळ घातलेल्या, पण कशा जिवंत मराठीत! श्रीनिवासराव कामावरून आले की खुर्ची ओढून बसत आणि वहीत उतरवून घेत. अकरा वह्या भरल्या. सुप्रभा गेली तेव्हा विद्यापीठातली इराची जागा केव्हाच गेली होती. तिनं मँचेस्टरला एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट ऑफिसात नोकरी धरली. श्रीनिवासराव निवृत्त झाले, वह्या उघडल्या, भाषा घासूनपुसून घेतली, आणि पुण्याच्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. ‘ब्रिटनीची कॉन्स्टन्स’. लेखक : श्रीनिवास दाबके.

प्रस्तावनेत त्यांनी तेवीस जणांचे आभार मानले. ग्रंथपालांचे, मुद्रकांचे, पुण्यात प्रुफं वाचणाऱ्या कमलाकर नावाच्या मित्राचे, अगदी ग्रंथालयातल्या हीटरजवळची जागा त्यांच्यासाठी राखणाऱ्या रखवालदाराचेसुद्धा. आणि शेवटी, मराठी पुस्तकांत शोभून दिसतं तसं, लिहिलं : ‘घरच्यांचे आभार मानून त्यांना परके करण्याची माझी इच्छा नाही.’

लिहिताना त्यांना ते वाक्य किती हृद्य वाटलं होतं!

दाराची बेल वाजली.

इरावती आत आली. एक्केचाळीस वर्षांची, कानशिलांवर पांढरी झालेली, पाठीवर सॅक. तिनं वाकून नमस्कार केला. आईनं लावलेली सवय ती भांडणातही मोडत नव्हती. श्रीनिवासरावांचा हात तिच्या डोक्याकडे गेला, आणि पोचायच्या आत ती उठून उभी राहिली.

“बरे आहात?”

“हो... तू?”

“मी पण.”

“वा!” क्षितिज म्हणाला. “सात वर्षांनी चार शब्द. ह्या रेटनं पुढच्या सेंच्युरीत तुमचं पूर्ण सेंटेन्स होईल. चहा टाकतो.”

इरा हसली. क्षणभर तिचा चेहरा अगदी सुप्रभासारखा झाला.

तिनं साड्या घेतल्या. एकेक नाकाशी धरून सॅकमध्ये ठेवली. कुकरची शिटी सापडेना, ती क्षितिजला कटलरीच्या डब्यात सापडली. मशीन दोघांनी मिळून गाडीत ठेवलं. सगळं दहा मिनिटांत आटपलं, आता निघायचंच होतं, आणि तेवढ्यात टेबलावरच्या कागदावर तिची नजर गेली.

प्रकाशकाला दुसरी आवृत्ती काढायची होती. नवं मनोगत हवं होतं. श्रीनिवासरावांनी महिनाभर लिहून, फाडून, पुन्हा लिहून एक पान उभं केलं होतं. आज तिला दाखवावं की नाही, या विचारात ते तिथेच राहून गेलं होतं. इरानं कागद उचलला, ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू मोठ्यानं वाचू लागली.

“‘माझी कन्या... चिरंजीव इरावती हिने... लेखनकाळात जे... साहाय्य केले, त्याचा... कृतज्ञ उल्लेख...’ साहाय्य म्हणजे?”

बोट त्याच शब्दावर ठेवून तिनं भावाकडे पाहिलं.

“क्षितिज, साहाय्य म्हणजे?”

“हेल्प,” क्षितिज हळूच म्हणाला.

“हेल्प.” तिनं कागद जपून परत ठेवला, कडा टेबलाच्या कडेला जुळवून. “ओके.”

“इरा, बाळ, ऐक...” श्रीनिवासराव दोन पावलं पुढे आले. “आपल्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत गं. आभार परक्यांचे असतात! तू परकी होतीस का? म्हणून नव्हतं लिहिलं... फक्त म्हणून...”

“ते मला माहीत आहे, बाबा. वरदामावशीनं सांगितलं, केव्हाच. आधी मला कळला नव्हता तो कस्टम, मी खूप रडली. मग कळला.” तिनं डोळे वर केले, ते कोरडे होते, आणि त्या कोरडेपणाची त्यांना भीती वाटली. “पण मी आभार मागितलाच नव्हता ना. मी विचारलं होतं, मी कुठे आहे. पान नंबर. त्याला काय लागतं? एक पोस्टकार्ड.”

“मला लिहिताच आलं नाही...”

“तुम्हाला? तुम्ही तीनशे पानं लिहिली!”

क्षितिजनं चहाचे कप ठेवले आणि तो तसाच मागे सरकला.

“लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा म्हणजेच कॉन्स्टन्स,” इरा म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. “सगळे ह्यांना बाजूला करतात, ह्यांचं नाव कोणी घेत नाही, बिचारे! मी म्हणून तर तिच्यावर काम केलं, बाबा. तुमच्यासाठी. पण ह्या घरात तुम्ही कॉन्स्टन्स नव्हता. तुम्ही हेन्री होता! माझ्या नावाची जमीन होती ना... ती तुम्ही चालवली. आणि तुम्हाला ते वाईटसुद्धा नाही वाटलं, कारण तुम्ही तर दुःखी होता ना नेहमी!”

“इराताई...” क्षितिज पुटपुटला.

“नाही, झालं माझं. मला आता ते पुस्तक नको. मला काहीच नको.” तिनं सॅक खांद्यावर घेतली. दारापाशी थांबली, पुन्हा वाकली, पुन्हा नमस्कार केला. “तब्येत सांभाळा.”

श्रीनिवासराव उभे होते. ‘थांब’ एवढा एक शब्द हवा होता... एकच! तो आला नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कोपऱ्यावर मंदावला, आणि गेला. चहाच्या तीन कपांवर साय धरत राहिली.

क्षितिज संध्याकाळी इल्फर्डला परतला. बारा दिवसांनी सामान न्यायला गाडी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुस्तकाची प्रत घेतली आणि उगाचच उघडली. पान एकशे बारा. ‘कॉन्स्टन्सची ही सनद मी प्रथम वाचली, तेव्हा माझे डोळे भरून आले.’

मी वाचली?

त्यांना लॅटिन येत नव्हतं. शब्दकोश उघडून दोन शब्द जोडण्यापलीकडे कधीच येत नव्हतं! ती सनद इरानं वाचली होती, एका फेब्रुवारीत, सुप्रभाला चमच्यानं पेज भरवता भरवता. आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर कॉन्स्टन्स फक्त स्वतःच्या नावानं दान देते, या ओळीवर येऊन ती थांबली होती, चमचा हवेत तसाच. डोळे तिचे भरले होते. श्रीनिवासरावांनी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं. मग घासतापुसताना कधी तरी ‘इराचे’चं ‘माझे’ झालं... इतकं सहज, की हाताला जाणवलंसुद्धा नाही.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या ओळीला समासात रेघ ओढली.

मग वह्यांचं खोकं फोडलं. अकराही वह्या टेबलावर मांडल्या, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. हे कोणाचं? हे इराचं. ही तारखेची दुरुस्ती? इराची. इतिहासकारांनी कॉन्स्टन्सला हट्टी आणि दुबळी का म्हटलं, याचं ते उत्तर, ज्याचं पुण्याच्या परीक्षणात एवढं कौतुक झालं आणि त्याचं कात्रण ते आजही पाकिटात बाळगत? तेही इराचं, सुप्रभाचं अंथरूण बदलता बदलता बोललेलं! पेन्सिल झिजत गेली. मधूनच त्यांना वाटे, पुरे... पृथ्वीच्या पाठीवर या एका वस्तूवर तर आपलं नाव पहिलं आहे. जन्मभर कोणाचा तरी मिस्टर असलेल्या माणसानं तेवढंही सोडून द्यायचं? ते पेन्सिल खाली ठेवत, खोल्यांमधून फिरत, रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवत, आणि पुन्हा येऊन बसत. कारण आता थांबणं म्हणजे दुसऱ्यांदा चोरणं होतं, आणि या वेळी नकळत झालं असंही म्हणता आलं नसतं.

“बाबा, काय करताय? फोन का नाही उचलत?” क्षितिजनं पाचव्या दिवशी विचारलं.

“वाचतोय.”

“स्वतःचंच पुस्तक?”

“नाही,” श्रीनिवासराव म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी पुढचं पान उलटलं.

नऊ दिवस लागले. पुस्तकाची दोनशे शहाऐंशी पानं. बिनरेघेची उरली चौतीस. त्या चौतीस पानांवर आकाश दाटून येत होतं, नियती निष्ठुर हसत होती, आणि ‘अहो दुर्दैव!’ असे उद्गार होते. नुसते उसासे! श्रीनिवासराव ते वाचत गेले आणि त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीवर लेखिका म्हणून इरावती दाबके यांचे नाव असावे; खाली बारीक अक्षरांत, सांगितलेलं उतरवून घेणाऱ्याचं टाकतात तसं, ‘शब्दांकन : श्रीनिवास दाबके’ असावे. सही केली. पाकिटावर पत्ता घातला. आणि चिकटवायच्या क्षणी त्यांचा हात थबकला. हे तरी तिला विचारलं होतं का? ‘मला काही नको’ म्हणून गेलेल्या मुलीच्या डोक्यावर तिच्याच नावानं पुन्हा काही तरी ठेवायचं... हेन्रीनंसुद्धा प्रत्येक गोष्ट तिच्या भल्यासाठीच केली, असंच म्हटलं असेल!

पाकीट त्यांनी तसंच उघडं ठेवलं. आणि सात वर्षांपूर्वीच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. तिला वाचता यावं म्हणून त्यांनी मोठं, सुटं सुटं, सोप्या शब्दांत लिहिलं.

‘प्रिय इरा,

तू विचारलंस, मी कुठल्या पानावर आहे. उत्तर देतो. पान ५ ते २७. पान ३० ते ६८. पान ७१ ते ११९...’

आकडे दीड पान चालले. शेवटी त्यांनी लिहिलं :

‘उरलेल्या पानांवर मी आहे. ती काढली तरी चालतील. मी तुला मदतनीस म्हटलं. मदतनीस मी होतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मला उत्तर लिहिता आलं नाही. रीत माहीत नव्हती तुला. मी त्या रीतीच्या आड लपलो.

तुझी पाच वर्षं मला परत देता येत नाहीत. तुझी पीएचडी देता येत नाही. माझ्या हातात आता काहीच नाही. सोबत प्रकाशकाला लिहिलेलं पत्र आहे, बंद केलेलं नाही. वाच. पटलं तर तू पाठव. नाही पटलं तर फाडून टाक. दुसरी आवृत्ती निघाली नाही तरी चालेल. तू ठरव. अकरा वह्या क्षितिजकडे असतील, त्या तुझ्याच आहेत.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मला ते समजेल. बाबा.’

‘अनेक आशीर्वाद’ लिहायला त्यांची लेखणी सवयीनं वळली होती. पण नमस्कारासाठी वाकलेल्या त्या मस्तकापर्यंत आपला हात पोचला नाही, ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी ती जागा कोरी सोडली.

सामानाची गाडी यायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, श्रीनिवासराव काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला पोस्टाचं काउंटर होतं. रेघा ओढलेली प्रत, पत्र आणि उघडं पाकीट, असं सगळं एका जाड लिफाफ्यात होतं. काउंटरवरच्या बाईनं लिफाफा वजनावर टाकला.

“मँचेस्टर. आत काय आहे, डिअर?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“पुस्तक.”

“साइन्ड फॉर करू? त्या घेताना सही करतील, तुम्हाला पोचल्याचं कळेल.”

पोचल्याचं कळेल! सात वर्षांत इराला तेवढंही कळलं नव्हतं. पत्र पोचलं की नाही, वाचलं की नाही... ती रोज दाराशी पडलेलं टपाल कशी चाळत असेल! त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली.

“नको,” ते म्हणाले. “तिला सही करायला लावू नका. साधंच जाऊ दे.”

“ऍज यू लाइक.” बाईनं लेबल चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं. “तुम्ही लिहिलंय का पुस्तक? लेखक दिसता तुम्ही, खरंच.”

मागे रांग होती. एक बाई ढकलगाडीतल्या बाळाला उगी करत होती. जन्मभर रांगेतल्या माणसांना वाट करून देणारे, चारचौघांत आवाज न फुटणारे श्रीनिवासराव क्षणभर गोंधळले. सवयीनं कान लाल झाले. मग त्यांनी मान हलवली.

“नाही,” ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “माझ्या मुलीनं लिहिलंय.”

“ओह, लव्हली!” बाई म्हणाली, लिफाफा मागच्या करड्या पोत्यात टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.